उमेओ विद्यापीठातलं मॉलिक्युलर बायॉलॉजीचं पोस्टडॉक: नोकरी असेल तर जा, स्टायपेंड असेल तर आधी हिशेब करा

उत्तर स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठाच्या पोस्टडॉकच्या, म्हणजे पीएचडीनंतर ठरावीक मुदतीच्या संशोधनाच्या जागांच्या जाहिराती पुण्या-मुंबईच्या पीएचडीधारकांपर्यंत नेहमी येतात. जिवाणू, आरएनए, संसर्ग किंवा प्रथिनांची रचना यांपैकी कशावर तुमचं काम झालं असेल, तर ही जागा गांभीर्याने घ्यावी अशीच आहे. मात्र एकाच विभागातून, एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिळतात. एक पगारी नोकरी, दुसरी स्टायपेंड. नोकरीला आम्ही पाचपैकी साडेचार गुण देतो, स्टायपेंडला अडीच. प्रयोगशाळा तीच, उपकरणं तीच, मार्गदर्शकही तोच. फरक कागदाचा आहे, आणि तो दुसऱ्या वर्षी जाणवू लागतो.

आधी विज्ञानाबद्दल. विद्यापीठ १९६५ चं, म्हणजे युरोपच्या मानाने तरुण. पण इथली जिवाणूशास्त्राची परंपरा भक्कम आहे. यर्सिनिया जिवाणू यजमान पेशीत प्रथिनं कशी टोचतो, यावरचं पायाभूत काम हान्स वोल्फ-वात्स यांच्या गटाने इथे केलं. यॉर्गन योहान्सन यांचा गट लिस्टेरियावर काम करतो. या जिवाणूत पीआरएफए नावाच्या जनुकाच्या एमआरएनएचं, म्हणजे जनुकाचा निरोप नेणाऱ्या आरएनएचं, पुढचं टोक तापमापकासारखं वागतं. ३० अंशांना ते घडी घालून बसतं, त्यामुळे प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला जागा मिळत नाही. ३७ अंशांना, म्हणजे माणसाच्या अंगाच्या तापमानाला, घडी उलगडते आणि रोग पसरवणारी जनुकं चालू होतात. योहान्सन यांचं हे काम २००२ चं, पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधल्या पोस्टडॉकच्या काळातलं. त्याच आरएनएवर दुसरा एक रायबोस्विच, म्हणजे जनुकं चालू-बंद करणारा आरएनएचा तुकडा, दुरून येऊन काम करतो, हे २००९ मध्ये उमेओतून प्रसिद्ध झालं. आरएनएवर काम करायचं असेल तर जिवाणूतल्या नियमनाची इतकी जुनी सवय असलेल्या जागा फार नाहीत.

एमॅन्युएल शार्पेंतिए यांचं नाव इथे अपरिहार्य आहे. २००९ पासून काही वर्षं त्या उमेओच्या मिम्स या केंद्रात गटप्रमुख होत्या. स्ट्रेप्टोकोकस पायोजेनिस या जिवाणूतले छोटे आरएनए मोजताना ट्रेसर-आरएनए हाती लागला आणि त्याची वाट क्रिस्पर या जनुकं कापण्याच्या तंत्रापर्यंत गेली. तो शोधनिबंध २०११ चा, पुढचं रसायनशास्त्राचं नोबेल २०२० चं. विभागाच्या भिंतींवर त्याचा अभिमान दिसतो. पण जाहिरातीत क्रिस्परचं नाव वाचून अर्ज करू नका. शार्पेंतिए आता बर्लिनला आहेत. तुम्ही कोणाच्या हाताखाली जाणार, हेच पाहायचं.

मिम्स हे युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेच्या नॉर्डिक भागीदारीतलं स्वीडिश केंद्र आहे. हेलसिंकी, ऑस्लो आणि ऑरहूसची केंद्रं त्याची भावंडं. याचा रोजच्या कामातला फायदा असा की तिथले तरुण गटप्रमुख मर्यादित काळाच्या नेमणुकीवर येतात, त्यांना निकाल लवकर हवे असतात आणि पोस्टडॉककडे लक्ष द्यायला त्यांच्याकडे वेळ असतो. तोटाही त्यातच आहे. गटप्रमुखाच्या नेमणुकीची शेवटची दोन वर्षं उरली असतील, तर तुम्ही रुळेपर्यंत प्रयोगशाळा गाव बदलेल. मुलाखतीत हे सरळ विचारा. तिथे या प्रश्नाचा कोणी राग मानत नाही.

उपकरणांबाबत हे विद्यापीठ आपल्या आकाराच्या मानाने फार श्रीमंत आहे. स्वीडनची राष्ट्रीय क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी सुविधा, म्हणजे गोठवलेल्या प्रथिनांची रचना पाहण्याची सोय, स्टॉकहोम आणि उमेओ अशा दोन ठिकाणी आहे आणि उमेओत टायटन क्रायोस हा त्यासाठीचा बडा सूक्ष्मदर्शक आहे. मेटॅबोलोमिक्सचं, म्हणजे पेशीतली छोटी रसायनं मोजण्याचं, राष्ट्रीय केंद्र इथे आहे, एचपीसीटूएन हे संगणन केंद्र विद्यापीठाच्याच आवारात आहे, वनस्पतींसाठी उमेओ प्लांट सायन्स सेंटर आहे. विभाग विद्यापीठ रुग्णालयाच्या आवारात असल्यामुळे रुग्णांचे नमुने आणि डॉक्टर चालत जाण्याच्या अंतरावर असतात. त्यासाठी लागणारी नैतिक परवानगी मात्र वेगळी मागावी लागते आणि ती लवकर येत नाही.

टायटन क्रायोस आहे म्हणजे तो तुम्हाला मिळाला, असं नाही. वेळ अर्जावर मिळते आणि अर्जात तुमचं प्रथिन त्या वेळेच्या लायक आहे हे दाखवावं लागतं: प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेल फिल्ट्रेशनचा एकच सुबक शिखर असलेला आलेख, नेगेटिव्ह स्टेन या साध्या रंगवण्याच्या चाचणीत सारख्या आकाराचे सुटे कण. ग्रिडवर, म्हणजे नमुन्याच्या सच्छिद्र चकतीवर, थेंब पडतो तीन-चार मायक्रोलिटरचा, टिपकागद तो शोषून घेतो, उरलेला पातळ थर द्रव इथेनमध्ये गोठतो. बर्फ जाड झाला तर कण दिसत नाहीत, फार पातळ झाला तर ते छिद्राच्या कडेला ढकलले जातात. आणि हवेला चिकटलेली प्रथिनं सगळी एकाच कुशीवर झोपतात, मग त्रिमितीय नकाशा एका दिशेने ताणल्यासारखा येतो. नवशिक्याचे पहिले काही महिने या ग्रिडवरच जातात. म्हणून गटात हे हाताने केलेलं कोणी आहे का, ते विचारा. यंत्राच्या नावापेक्षा त्या माणसाचं असणं महत्त्वाचं.

आता मुद्द्याचं, नोकरी आणि स्टायपेंड.

स्वीडनमध्ये पोस्टडॉकच्या नोकरीसाठी सरकारी नियोक्ता संस्था आणि कामगार संघटना यांच्यातला करार आहे. १ फेब्रुवारी २०२२ पासूनच्या करारानुसार नेमणूक किमान दोन आणि कमाल तीन वर्षांची असते आणि ती पूर्णवेळ असते. अर्जाच्या शेवटच्या तारखेच्या आधीच्या तीन वर्षांत पीएचडी झालेल्यांना प्राधान्य मिळतं. बाळंतपण, आजारपण अशा कारणांनी तीनहून जास्त वर्षं झाली असतील तर तेही धरतात, पण कागद जोडावे लागतात. शिकवण्याचं काम एकूण वेळेच्या एक पंचमांशाच्या आत ठेवायचं असतं. पगारातून कर कापला जातो, त्यामुळे जाहिरातीतला आकडा हातात पडत नाही. पण त्या बदल्यात पेन्शन, आजारपणाची भरपाई, पगाराच्या प्रमाणात पालकत्व भत्ता, बेरोजगारी विम्यासाठी मोजली जाणारी नोकरी, आणि रजा असं सगळं येतं. सरकारी कर्मचाऱ्याला वर्षाला २८ दिवस रजा, वयाच्या तिशीपासून ३१ आणि चाळिशीपासून ३५ दिवस.

स्टायपेंड म्हणजे करमुक्त रक्कम. ती मेहनताना नाही, अभ्यासासाठी दिलेली मदत आहे, हे कायद्याचं गृहीतक. उमेओत ती प्रामुख्याने केम्पे फाउंडेशनच्या पैशातून येते. उत्तर स्वीडनच्या लाकूड उद्योगातल्या घराण्याचा हा निधी आहे आणि त्याने इथल्या विज्ञानाला खरोखर उभं केलं, हे मान्य करावंच लागतं. बहुतेक वेळा गटप्रमुख आधी स्टायपेंड मंजूर करून घेतात, मग जाहिरात निघते. महिन्याला हातात पडणारे पैसे नोकरीच्या निव्वळ पगारापेक्षा फार कमी दिसत नाहीत, आणि इथेच फसगत होते. स्टायपेंडधारक कर्मचारी नसतो. पेन्शन नाही. आजारी पडलात तर पगारावर आधारलेली भरपाई नाही. विद्यापीठाचा विमा असतो, पण तो या सगळ्याची जागा घेत नाही. मूल झालं तर ४८० दिवसांची पालकत्व रजा कागदावर मिळते, पण भत्ता पगाराच्या प्रमाणात नाही, मूळ दराने. बेरोजगारी विम्यासाठी ही वर्षं मोजली जात नाहीत.

एकटे असाल, तिशीच्या आत असाल, दोन वर्षांत एक चांगला शोधनिबंध काढून पुढे जायचं असेल, तर स्टायपेंड चालून जाईल. घरात मूल येण्याचा विचार असेल, जोडीदार सोबत येणार असेल, स्वीडनमध्ये राहायचं मनात असेल, तर स्टायपेंड घेऊ नका. किंवा पहिलं वर्ष स्टायपेंड आणि पुढे नोकरी, असं गटप्रमुखाकडून लेखी घ्या. हा क्रम उलटा चालत नाही. एकदा नोकरीवर घेतलेल्या माणसाला त्याच कामासाठी करमुक्त स्टायपेंडवर उतरवता येत नाही. तोंडी आश्वासन देणारा गटप्रमुख प्रामाणिक असेलही, पण दुसऱ्या वर्षी अनुदान नाकारलं गेलं तर त्याचा नाइलाज होतो.

तिसरा रस्ता आपल्याकडे कमी वापरला जातो, तो म्हणजे स्वतःची फेलोशिप घेऊन जाणं. युरोपीय संघाच्या मारी क्युरी फेलोशिपमध्ये कामाचा करार बंधनकारक आहे, म्हणजे स्टायपेंडचा प्रश्नच मिटतो. अट अशी की मुदतीच्या आधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही स्वीडनमध्ये १२ महिन्यांहून जास्त राहिलेले नसावेत, आणि पीएचडीला आठ वर्षांहून जास्त झालेली नसावीत. स्टायपेंडवर जाऊन दीड वर्षाने हा अर्ज करायचा विचार केलात, तर दार बंद झालेलं असतं. जायच्या आधी किंवा पहिल्या वर्षातच करा. एम्बो या युरोपीय रेण्वीय जीवशास्त्र संघटनेच्या फेलोशिपसाठीही भारतातून जाणारे पात्र ठरतात. तिथे पीएचडीनंतरची मुदत फक्त दोन वर्षांची.

अर्ज वार्बी नावाच्या पोर्टलवर भरायचा असतो. ईमेलने पाठवलेला अर्ज धरत नाहीत, आणि मुदतीनंतर एक मिनिटही चालत नाही. पत्र, सीव्ही, प्रकाशनांची यादी, पदवीचा पुरावा आणि दोन-तीन संदर्भ लागतात. भारतीय अर्जदाराची गाडी अडते ती पदवीच्या तारखेवर. तोंडी परीक्षा मार्चमध्ये, विद्यापीठाची अधिसूचना जूनमध्ये, पदवीदान समारंभ पुढच्या वर्षी. तीन वर्षं यातल्या कुठल्या तारखेपासून मोजायची, हे मनुष्यबळ विभागाला आधीच ईमेल करून विचारा आणि उत्तर अर्जासोबत जोडा. समारंभाची वाट न पाहता प्रोव्हिजनल सर्टिफिकेट काढून ठेवा. मराठी किंवा हिंदी मजकूर असलेल्या प्रमाणपत्राचं इंग्रजी भाषांतर हवं.

पत्रात संशोधनाचा आराखडा लिहिताना एक गोष्ट आपल्या लोकांना माहीत नसते. सरकारी विद्यापीठाकडे आलेला अर्ज स्वीडनमध्ये सार्वजनिक दस्तऐवज असतो. कोणीही तो मागून वाचू शकतो. म्हणून अप्रकाशित निकाल, नवीन संयुगाची रचना, पेटंटच्या वाटेवरचं काही त्यात घालू नका. हाच नियम तुमच्याही कामी येतो. सरकारी पगारही सार्वजनिक असतात. विभागातल्या पोस्टडॉकना सध्या किती पगार आहे, हे विद्यापीठाला विचारलं तर उत्तर मिळतं. पगार वैयक्तिक वाटाघाटीने ठरतो आणि तो सही करण्याआधीच वाढवता येतो, नंतर वर्षातून एकदाच्या फेरीत थोडासा. आपल्याकडचा उमेदवार पहिल्या आकड्याला होकार देतो, कारण मागणं उद्धटपणाचं वाटतं. तिथे तसं मानत नाहीत. सुल्फ या विद्यापीठीय संघटनेकडे विचारा, आकडा हातात घ्या, मग बोला.

जाहिरात यायच्या आधी गटप्रमुखाला लिहिलेलं पत्र जास्त उपयोगी पडतं. दहा ओळींपेक्षा मोठं नको. त्यांच्या गेल्या दोन वर्षांतल्या एका निबंधातला नेमका प्रयोग, त्याच्या पुढे तुम्ही काय कराल, आणि तुमच्या हाताला कुठलं तंत्र येतं. ‘डिअर सर’ने सुरू होणारं आणि सगळ्या विभागाला एकदम गेलेलं पत्र उघडलं जात नाही. स्वीडनमध्ये प्राध्यापकालाही पहिल्या नावाने लिहितात. ते अवघड वाटत असेल तर पूर्ण नाव लिहा, पण सर-मॅडम टाळा.

मुलाखतीत प्रयोगशाळेची खरी गती कळण्यासाठी एकच प्रश्न पुरतो: तुमच्या जिवाणूत एक जनुक काढून टाकायला किती दिवस लागतात? लिस्टेरियाचं उदाहरण घ्या. पीमॅडसारख्या तापमानाला संवेदनशील प्लाझमिडमध्ये, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यात, जनुकाच्या दोन्ही बाजूंचे तुकडे घालायचे, ३० अंशांना तो आत शिरवायचा, मग एरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक ठेवून ४० अंशांच्या वर नेऊन गुणसूत्रात बसवायचा, पुन्हा ३० ला आणून सुटू द्यायचा. एक्स-गाल या रंग दाखवणाऱ्या रसायनाच्या थाळीवर निळ्यांतून प्लाझमिड गमावलेल्या पांढऱ्या वसाहती उचलायच्या आणि पीसीआर या डीएनए चाचणीने तपासायच्या. सगळं जुळलं तर तीन-चार आठवडे. बाजूचे तुकडे फार तोकडे ठेवले तर प्लाझमिड सहजी बसत नाही. पांढरी वसाहतही अनेकदा मूळ जनुकासहच परतते, कारण प्लाझमिड सुटताना जनुक जाणं आणि राहणं या दोन्ही शक्यता असतात. नीट चालणाऱ्या गटात हे सांगायला कोणीतरी पुढे येतं, जुनी वही दाखवतं. ‘आमच्याकडे सगळं लवकर होतं’ एवढंच उत्तर मिळालं, तर सध्याच्या पोस्टडॉकशी एकटं बोलायची वेळ मागा.

तिथे पोचण्याच्या कागदांत क्रम महत्त्वाचा आहे. विद्यापीठ आधी संशोधकाचा यजमान करार देतं, त्यावर निवासपरवान्याचा अर्ज होतो. परवाना पासपोर्टच्या मुदतीपलीकडे मिळत नाही. पासपोर्ट दीड वर्षात संपत असेल तर आधी नवा काढा, नाहीतर दोन वर्षांच्या कामावर जाऊन सव्वा वर्षाने पुन्हा रांगेत उभं राहावं लागेल. परवाना एक वर्षाहून कमी असेल तर कर कार्यालय लोकसंख्या नोंदणी करत नाही, म्हणजे व्यक्तिक्रमांक नाही, आणि व्यक्तिक्रमांकाशिवाय बँकेचं खातं, मोबाइलवरची ओळख, औषधाची चिठ्ठी, सगळंच खोळंबतं. पहिले दोन महिने भारतातलं चालू कार्ड आणि हाताशी थोडी रक्कम ठेवावीच लागते.

घर हा खरा त्रास. पालिकेची बूस्ताडेन ही कंपनी रांगेच्या दिवसांवर घरं देते. ज्याची नोंद जुनी त्याला घर. होकार आल्या दिवशीच नाव नोंदवा, जायच्या वेळी तरी शंभर-दीडशे दिवस जमलेले असतील. विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय निवास कार्यालय सुरुवातीसाठी खोली देतं, पण कुटुंबासाठीच्या जागा मोजक्या असतात. सप्टेंबरमध्ये विद्यार्थी येतात तेव्हा शहरात खोली मिळणं सगळ्यांत कठीण.

हवामानाबद्दल मोघम भीती घालण्यात अर्थ नाही. उमेओ ६४ अंश अक्षांशाच्या जवळ आहे. डिसेंबरच्या मध्यावर साडेचार तास उजेड असतो, दुपारी दोनच्या आत सूर्य मावळतो. प्रयोगशाळेत खिडकीशिवाय काम करणाऱ्याला आठवडाभर ऊन दिसत नाही. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास बाहेर चालणं तिथले लोक नियमाने करतात, ते का हे जानेवारीपर्यंत कळतं. सायकलला खिळे असलेली चाकं लागतात. स्टॉकहोमला जाणारी रेल्वे साडेसहा तासांच्या आसपास घेते, म्हणजे एखाद्या बैठकीला सकाळी जाऊन रात्री परतणं जमत नाही.

तीन वर्षांनंतर काय, हा या ठिकाणचा सगळ्यांत कमकुवत भाग, म्हणूनच नोकरीलाही पाच गुण दिले नाहीत. पोस्टडॉक कराराची मुदत संपली की गट तुम्हाला फक्त दुसऱ्या प्रकारच्या मुदतीच्या नोकरीवर ठेवू शकतो. २०२२ च्या कायद्यानुसार अशी नोकरी पाच वर्षांच्या काळात १२ महिन्यांहून जास्त झाली की ती कायम होते. अनुदानावर चालणारा गटप्रमुख कायम पगाराचा बोजा घेऊ शकत नाही, म्हणून चांगल्या माणसालाही अकराव्या महिन्यात निरोप देतो. यात दुष्टपणा नाही, गणित आहे. पण ते तुम्हाला आधी कळायला हवं. तिसरं वर्ष सुरू होतानाच पुढचे अर्ज पाठवा. काम पूर्ण झाल्यावर संशोधकाला स्वीडनमध्ये नोकरी शोधण्यासाठी जास्तीत जास्त एक वर्षाचा परवाना मागता येतो. तो जुना परवाना संपण्याआधी मागायचा असतो.

तुलनेसाठी भारतातला रिसर्च असोसिएटचा दर जानेवारी २०२३ पासून ५८ हजार, ६१ हजार आणि ६७ हजार रुपये, वर घरभाडं. पुण्यात या पैशात राहता येतं, आणि पैसे वेळेवर आले तर कामही होतं. फरक पडतो तो एन्झाइम आणि प्लाझमिड मागवल्यावर. उमेओत मागणी टाकली की दोन-चार दिवसांत डबा दारात असतो. गुरुवारी मात्र गोठवलेलं काही मागवू नका. शनिवार-रविवार डबा गोदामात राहतो आणि सोमवारी कोरडा बर्फ उडून गेलेला असतो.

रुजू व्हायची तारीख तुमच्या हातात असेल तर जुलै टाळा. देश रजेवर असतो, प्रयोगशाळेत दोन माणसं असतात, सुरक्षेचं प्रशिक्षण देणारा नसतो, आणि त्या प्रशिक्षणाशिवाय तुम्हाला जिवाणूंच्या खोलीचं कार्ड मिळत नाही. घराची सोय आधी झाली असेल तर ऑगस्टचा तिसरा आठवडा चांगला. नसेल तर ऑक्टोबर, विद्यार्थ्यांची गर्दी ओसरल्यावर आणि पहिला बर्फ पडायच्या आत.